मोटारीचें अंग कशानें पुसावें?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत स्वयंपाकघर, औषधपाणी आणि मुलांचा अभ्यास यांविषयींचीं पत्रें नेहमींच अधिक असतात. मोटारीसंबंधीं कोणी आम्हांस कांहीं विचारील, अशी आमची अपेक्षा नव्हती. परंतु गेल्या महिन्यांत साताऱ्याकडील एका वाचक भगिनीचें सविस्तर पत्र आलें, आणि तें वाचल्यावर हा विषय हातीं घेणें आम्हांस अगत्याचें वाटलें. घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें. थोरल्या दिरांनीं निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या पैशांतून गडद निळ्या रंगाची नवी मोटार घेतली. सहा महिन्यांनीं एके दिवशीं उन्हांत पाहतात तों बॉनेटवर आणि टपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, वर्तुळाकार ओरखड्यांचें जाळें पसरलेलें! वडील मंडळींनीं एकमतानें निवाडा दिला कीं, हा दोष गाडी पुसणाऱ्या गड्याचा. त्याचा हातच जड. नऊ वर्षें त्या घरीं येणाऱ्या या माणसास महिनाअखेर कामावरून दूर करावयाचें घाटत आहे. भगिनी लिहितात कीं, रंगाला ओरखडा उठणार नाहीं असा स्पंज किंवा हातमोजा कोणता तें कळवावें, म्हणजे निदान पुढच्या माणसाच्या हातीं तो देतां येईल.

प्रश्न स्पंजाचा असला तरी पत्रांत निवाडा एका माणसाचा झालेला आहे. तेव्हां दोहोंचाहि विचार करणें प्राप्त आहे.

संस्कृत भाषेंत स्वच्छतेच्या क्रियेला दोन निराळे धातु आहेत. 'क्षल्' या धातूपासून क्षालन, प्रक्षालन हे शब्द होतात. यांत मळ पाण्याबरोबर वाहून जावयाचा असतो. 'मृज्' या धातूपासून मार्जन. यांत मळ घासून, पुसून काढावयाचा असतो. झाडूला मार्जनी म्हणतात तें यावरूनच, आणि अहोरात्र स्वतःचें अंग चाटून पुसणाऱ्या मांजराला मार्जार हें नांव मिळालें तेंहि यावरूनच. मराठींत आपण 'धुणेंपुसणें' असा जोडशब्द करून टाकला आणि दोन्ही क्रियांतील भेद विसरून गेलों. जमिनीच्या बाबतींत या विसराळूपणानें फारसें बिघडत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र पुरतें बिघडतें, कारण तेथें क्षालनाच्या आधीं मार्जन केलें कीं रंगाची हानि ठरलेलीच.

हल्लींच्या मोटारीचा रंग हा एकच थर नसतो. पत्र्याला गंज चढूं नये म्हणून पहिला लेप, त्यावर अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांवर एक पारदर्शक लेप. त्याला क्लिअर कोट म्हणतात. हा वरचा लेप साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरील केस सुमारें ७० मायक्रॉन जाड धरला, तर ज्या झळाळीवर लुब्ध होऊन आपण दुकानांत मोटारीला तीन प्रदक्षिणा घातल्या, ती सारी झळाळी केसाहूनहि पातळ अशा पापुद्र्यावर उभी आहे.

पूर्वीं असें नव्हतें. अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीनें १९२३ सालीं 'ड्यूको' नांवाचा लवकर वाळणारा रंग मोटारींसाठीं काढला, आणि तें नांव आपल्याकडे इतकें रुजलें कीं, पुढें कित्येक वर्षें फवाऱ्यानें मारलेल्या कोणत्याहि रंगाला गॅरेजवाले ड्यूकोच म्हणत. आमच्या तरुणपणीं रस्त्यावर दिसणाऱ्या अँबॅसेडर आणि फियाट गाड्यांचा रंग बहुधा वरपासून खालपर्यंत रंगच असे. त्यावर पॉलिश घासलें कीं फडक्याला रंग लागे आणि वरवरचे ओरखडेहि त्याबरोबर निघून जात. घरांतील वडील मंडळींच्या मनांत आजहि तीच गाडी असते. म्हणून 'ओरखडे पडले तर पॉलिश करून घेऊं' असें तीं सहज म्हणतात. आजच्या गाडीला पॉलिश करतां येतें, नाहीं असें नाहीं. पण प्रत्येक वेळीं त्या पापुद्र्यांतून कांहीं मायक्रॉन जातात, आणि गेलेले परत येत नाहींत. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचें रक्षण हाच लेप करीत असतो. तो फार झिजला कीं रंग विटतो आणि पुढें पोपडे सुटूं लागतात. जेथें शिल्लक मोजकी आहे तेथें खर्च जपून करावा लागतो, हें निवृत्तीच्या पैशांतून मोटार घेणाऱ्या गृहस्थांना आम्हीं सांगावयास नकोच.

आतां हा पापुद्रा ओरबाडतें कोण? जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोज यानें १८१२ सालीं पदार्थांच्या कठिणपणाची एक श्रेणी लावून दिली. तींत शंखजिऱ्याचा अंक १ आणि हिऱ्याचा १०. आपल्या नखाचा अंक सुमारें अडीच. वाळूंत जें क्वार्ट्झ असतें त्याचा अंक ७. देशावरील काळ्या कातळाची जी पूड रस्त्यांवरून आणि बांधकामांवरून उडते, तिच्यांतील खनिजें ५ ते ६ च्या घरांत येतात. कोंकणांतील जांभ्याच्या तांबड्या धुळींत लोखंडाचीं ऑक्साइडें असतात, तींहि साधारण त्याच पंक्तीचीं. क्लिअर कोट हें अखेर एक प्रकारचें प्लॅस्टिक; या मंडळींपुढें तें लोणी. तेव्हां ओरखडा कापूस काढीत नाहीं, लोकर काढीत नाहीं, गड्याचा हातहि काढीत नाहीं. हात आणि रंग यांच्यामध्यें सांपडलेला धुळीचा कण तो काढतो. हात जड असला तर कण अधिक खोल जातो, इतकेंच.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. ओरखडे वर्तुळाकार दिसतात, म्हणून 'त्यानें फडकें गोल गोल फिरवलें' असा पुरावा गड्याविरुद्ध मांडण्यांत येतो. वस्तुतः ओरखडे वेड्यावांकड्या सर्व दिशांनीं गेलेले असतात. सूर्याचें प्रतिबिंब ज्या ठिकाणीं दिसतें, त्याच्या भोंवतालचे जे ओरखडे प्रकाशाच्या मार्गाला आडवे असतील तेवढेच चमकतात. बाकीचे डोळ्यांना दिसत नाहींत. त्यामुळें प्रतिबिंबाभोंवतीं कडीं असल्याचा भास होतो. खात्री करून घ्यावयाची असेल तर वर्षानुवर्षें घासलेलें स्टीलचें ताट दिव्याखालीं धरावें आणि डोकें इकडून तिकडे न्यावें. कडीं आपल्या डोळ्यांबरोबर सरकतात. तें ताट कोणीं गोल घासलें कीं सरळ, हें त्या कड्यांवरून ठरवितां येत नाहीं, आणि बॉनेटवरूनहि येत नाहीं.

इतकें समजलें म्हणजे साधनाची निवड सोपी होते. प्रश्न मऊपणाचा नाहींच. पिवळा रबरी स्पंज हाताला लोण्यासारखा लागतो, पण त्याचें तोंड सपाट असतें. धुळीचा कण त्याच्या आंत शिरत नाहीं. तो तोंडावरच अडकतो आणि स्पंज जाईल तिकडे ओढला जातो. सुतार लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून फळी घासतो, त्यांत आणि यांत तत्त्वतः कांहींच अंतर नाहीं. समुद्रांतील नैसर्गिक स्पंज (हा प्राणी आहे, वनस्पति नव्हे) मोठ्या छिद्रांचा असल्यामुळें रबरी स्पंजाहून बरा. परंतु तो पुन्हां निर्मळ करणें जिकिरीचें, आणि किंमतहि भारी. भांडीं घासण्याच्या दुतर्फा स्पंजाची जी हिरवी बाजू असते, तिच्यांत कठीण खर मुद्दाम घातलेली असते. ती मोटारीच्या आसपास फिरकूंसुद्धां देऊं नये. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आणि काथ्या यांविषयींहि तेंच.

राहिलें जुनें धोतर, बनियन आणि आईंचें विरलेलें लुगडें. यांच्याबद्दल घरोघर मोठी ममता असते. कापड मऊ असतें हें खरें. पण तेंहि सपाटच. त्यांतून बनियनची शिवण, सदऱ्याची गुंडी, लुगड्याचा जरीचा कांठ यांपैकीं कांहींतरी राहून गेलेलें असतेंच. हीं फडकीं खिडक्यांच्या गजांसाठीं राखून ठेवावींत.

मोटारीला हवी ती लांब लव. फरशीवर साखरेचे दाणे सांडले तर अनवाणी पायाला टोंचतात; तेच जाड गालिच्यांत पडले तर पायाला कळतहि नाहींत, कारण ते लवेच्या तळाशीं जाऊन बसतात. धुण्याच्या हातमोज्याचें काम नेमकें हेंच आहे. त्याची लव दीडदोन सेंटिमीटर लांब असावी, म्हणजे रंगावरून उचललेला कण आंत खोल जातो आणि रंगापासून दूर राहतो. पुढें बादलींत हातमोजा खळबळला कीं तो कण सुटून तळाशीं बसतो. उचलणें, दूर ठेवणें आणि पाण्यांत सोडून देणें, हीं तिन्ही कामें जें साधन करील तें घ्यावें.

बाजारांत असे हातमोजे मुख्यत्वें तीन प्रकारचे मिळतात. एक मेंढीच्या लोकरीचा. मऊपणांत आणि पाणी धरून ठेवण्यांत याच्या तोडीचा दुसरा नाहीं. याची पाठ कित्येकदां कातड्याची असते, आणि कातडें देवघराच्या भिंतीपलीकडे नको असें एखाद्या घरीं निघेल. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. आमची हरकत निराळी आहे. आपल्याकडील पावसाळ्यांत तो चार चार दिवस वाळत नाहीं, कुबट वास धरतो, आणि उन्हांत वाळवावा तर कातडें कडक पडतें.

दुसरा आणि तिसरा, हे दोन्ही मायक्रोफायबरचे. हे तंतु पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे असतात. प्रमाण बहुधा ८० ला २० किंवा ७० ला ३०. त्यांच्या बारीकपणाची कल्पना यावी म्हणून सांगतों. असा एक तंतु नऊ किलोमीटर लांबीचा घेतला तरी त्याचें वजन एक ग्रॅमहून कमीच भरतें. या अतिसूक्ष्म तंतूंचें गाजलेलें असें पहिलें कापड जपानच्या टोरे कंपनींतील मियोशी ओकामोतो यांनीं १९७० सालीं तयार केलें. तें मात्र मोटारी धुण्यासाठीं नव्हे, तर मऊ चामड्याच्या ऐवजीं वापरण्यासाठीं होतें. या दोन प्रकारांपैकीं एकाची लव केसाळ गालिच्यासारखी सरळ असते. दुसऱ्याला बोटभर लांबीचे जाडजूड लोंबते गोंडे असतात. त्याला शेनिल म्हणतात. फ्रेंच भाषेंत या शब्दाचा अर्थ सुरवंट, आणि हातमोजा पाहिला कीं नांव पटतें. संयुक्त कुटुंबाच्या, अनेक हातांनीं धुतल्या जाणाऱ्या गाडीसाठीं आम्ही शेनिलला पसंती देतों. तो काटक असतो, काहीं शें रुपयांत मिळतो आणि एका दिवसांत वाळतो. गोंड्यांच्या मुळाशीं कचरा अडकून बसतो हा त्याचा एक दोष. पण पाण्याखालीं बोटांनीं गोंडे विंचरले कीं तो निघतो.

दुकानांत गेल्यावर वेष्टनावरील मजकुरापेक्षां आपल्या बोटांवर विश्वास ठेवावा. गोंडे दोन बाजूंस सारून पाहावें. खालचें विणलेलें कापड उघडें दिसत असेल तर वस्तु विरळ आहे, ती ठेवून द्यावी. कांठावरची शिवण चांचपावी. पुष्कळदां हातमोजा उत्तम असतो आणि शिवण मात्र टणक नायलॉनच्या दोऱ्याची असते. आंत धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी शिवलेली असेल तर घरीं येऊन ती मुळापासून कातरावी. रंग फिकट निवडावा. काळ्या किंवा करड्या हातमोज्यावर मळ दिसत नाहीं, आणि न दिसणारा मळच घात करतो. मनगटाशीं ताणणारी पट्टी असावी, नाहींतर ओला हातमोजा गळून खालीं पडतो. घरांत एखादी निकामी झालेली सीडीची तबकडी असेल तर एक सोपी परीक्षा करतां येते. हातमोजा भिजवून तिच्या चकचकीत बाजूवर जोरानें चोळावा. तबकडीवर रेघा उठल्या तर तो हातमोजा चाकांकडे धाडावा. तबकडीचें प्लॅस्टिक क्लिअर कोटाहून मऊ असतें. तेव्हां ती जी सोसते तें मोटारीला सोसण्यास हरकत नाहीं.

परंतु उत्तम हातमोजा आणून तो धुळीनें भरलेल्या गाडीवर तसाच फिरवला तर केलेला खर्च वायां गेला. आधीं क्षालन! नळी असेल तर नळीनें, नसेल तर बागेंतील झारीनें टपापासून खालीं पाणी सोडावें आणि दोनचार मिनिटें धूळ भिजूं द्यावी. मग दोन बादल्या. एकींत मोटारीसाठीं मिळणाऱ्या शांपूचें पाणी, दुसरींत नुसतें पाणी. हातमोजा साबणांत बुडवून एक भाग, म्हणजे अर्धा टप किंवा एक दरवाजा, धुवावा. मग तो आधीं नुसत्या पाण्याच्या बादलींत खळबळून, पिळून, नंतरच पुन्हां साबणांत घालावा. हा क्रम उलटला कीं साबणाच्या बादलींत धूळ जमूं लागते आणि दुसरी बादली ठेवण्याचा हेतूच फसतो. बादलीच्या तळाशीं एक सच्छिद्र जाळी ठेवली तर बसलेला गाळ पुन्हां वर येत नाहीं. हात सरळ रेषेंत न्यावा आणि दाबूं नये. साबणाच्या पाण्याचें वंगण काम करतें, जोराची गरज नसते. कपड्यांची पावडर वापरूं नये, तिनें रंगावरचें मेणाचें संरक्षण निघून जातें. दरवाजांचा खालचा भाग सर्वांत शेवटीं. चाकांना अगदीं निराळें फडकें, कारण ब्रेकच्या झिजेंतून निघालेला लोखंडाचा कीस तेथें बसलेला असतो. हें सर्व सावलींत आणि बॉनेट थंड असतांना करावें. बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून धुऊन होतांच कोरड्या मायक्रोफायबर पंचानें पाणी टिपून घ्यावें. टिपावें, घासूं नये.

आतां त्या गड्याविषयीं. आम्हीं आमच्या गल्लींत आणि आळींतल्या नव्या सोसायट्यांत जें पाहिलें तें असें : पहाटे साडेपांचास एक माणूस येतो, त्याच्याकडे एक बादली आणि एक फडकें, आणि साडेसातच्या आंत त्याला सातआठ गाड्या पुसावयाच्या असतात. घरधनी पाणी मोजून देतो. पहिल्या गाडीची धूळ त्या बादलींत उतरते आणि चौथ्या गाडीवर फडक्याबरोबर चढते. कित्येक ठिकाणीं तर आधीं कोरडाच हात मारावयास सांगितलेला असतो, पाणी वांचावें म्हणून. दररोज कोरडी धूळ रंगावर चोळण्याची ही पद्धत कोणीं घालून दिली? गड्यानें नव्हे. 'रोज गाडी पुसलेली दिसली पाहिजे' ही अट घरची, एक बादली घरची, फडकेंहि बहुतेक घरचेंच. सहा महिने त्यानें ही आज्ञा चुकविली नाहीं, म्हणून तर बॉनेटवर एवढें जाळें उठलें! त्याला दूर केलें आणि दुसरा आणला, तर तो त्याच बादलींत तेंच फडकें बुडवील. नऊ वर्षांचा माणूस मात्र गेलेला असेल.

तेव्हां साताऱ्याच्या भगिनींस आमचें सांगणें असें कीं, हातमोजा पुढच्या माणसासाठीं नव्हे, याच माणसासाठीं घ्यावा. रोजचें पुसणें अजिबात बंद करावें. गाडीवर धूळ दिसली तर दिसूं द्यावी. स्वस्थ बसलेली धूळ रंगाला ओरबाडीत नाहीं. आठवड्यांतून एकदां, फार तर दोनदां, वर सांगितलेल्या रीतीनें गाडी धुवावी. दोन बादल्या आणि तीनचार झाऱ्या एवढ्या पाण्यांत हें काम उरकतें. दिवसाआड पाणी येणाऱ्या गांवींहि तें जड जाऊं नये. खाडे वाढले म्हणून त्याचा पगार कापण्याची कल्पना कोणी काढील, ती मान्य करूं नये. रोजच्या दहा मिनिटांच्या जागीं एका दिवशीं पाऊण तास वांकून काम करावें लागणार आहे, आणि काम अधिक कौशल्याचें आहे. पहिल्या दिवशीं थोरल्या दिरांनीं स्वतः बाहेर उभें राहून दोन बादल्यांचा क्रम त्याला समजावून द्यावा, हें उत्तम. स्टीलच्या ताटाचा प्रयोग वडील मंडळींना त्याच्या आधीं दाखवावा.

दसऱ्याला मोटारीची पूजा होते, तेव्हांहि थोडी काळजी घ्यावी. झेंडूची माळ तारेनें बांधूं नये, सुती दोऱ्यानें बांधावी. चालत्या गाडीवर तारेचें टोंक हलून जी रेघ काढतें ती पॉलिशनेंहि जात नाहीं. स्वस्तिक ओल्या गंधाचें काढावें. हळदकुंकू दुसऱ्या दिवशीं कोरड्या हातानें झटकण्याचा मोह होतो. तो टाळून त्यावर आधीं तांब्याभर पाणी सोडावें. हळद फार दिवस राहूं दिली तर पांढऱ्या गाडीवर डाग धरते.

हातमोज्याची निगा सोपी आहे. काम होतांच वाहत्या पाण्याखालीं गोंडे उघडून धुवावा. कपड्यांना मऊपणा आणणारें द्रव त्याला लावूं नये, त्यानें तंतु बुळबुळीत होतात आणि धूळ उचलण्याचा गुण जातो. ब्लीच नको, गरम इस्त्री नको, आणि इतर सुती कपड्यांबरोबर धुणें नको, कारण त्यांचे धागे गोंड्यांत गुंततात. सावलींत वाळवून झांकणाच्या डब्यांत ठेवावा; ओट्याच्या कठड्यावर लोंबत ठेवला तर रस्त्याची धूळ त्यांत आधींच भरून राहते. तो एकदां जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा, कितीहि स्वच्छ दिसला तरी. वर्षाच्या आंतबाहेर गोंडे चपटे आणि खरखरीत होतात. मग नवा घ्यावा आणि जुना चाकांकडे बढती देऊन पाठवावा. चाकांच्या हातमोज्याला मनगटाशीं तांबडा दोरा घट्ट शिवून ठेवावा, म्हणजे पहाटेच्या अंधारांतहि त्या दोहोंची अदलाबदल होणार नाहीं.